जर्मन मास्तरचा मार्च, पप्पांच्या चालीने

१२ नोव्हेंबर २०१३, अल मवालेह

आज रुसैलहून परतताना कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली. शेजारच्या मैदानात इथल्या नॅशनल डेच्या परेडसाठी सुलतानाच्या फौजेच्या बँडची तालीम चालली होती, आणि त्यांनी चक्क पप्पांचा मार्च वाजवला!

पप्पांचा कसला, त्या जर्मन बँडमास्तरने रचलेला; पप्पा लग्नांच्या बँडात तो वाजवायचे. वसईच्या घरी क्रूसाशेजारी त्याचा फोटो आहे. पाहुण्यांना वाटतं, आमचे आजोबाच. बिचाऱ्याचा जन्म छावण्यांत गेला, बायको-मुलं दूर गावाला. घरी जायची घाई त्याच्या सुरांत आहे, असं पप्पा सांगायचे. पण ती घाई त्यांनी स्वतः कधी वाजवली नाही. लग्नाची वरात चर्चमधून निघाली की लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या बँडमागून चालायच्या. त्यांच्या पावलांना जमेल अशा संथ लयीत पप्पांचा कॉर्नेट वाजायचा. मला तोच खरा मार्च वाटतो. आज हे लोक अगदी बरोबर वाजवत होते, तरी माझं मन आपलं म्हणतंय, चुकतायत, चुकतायत.

खिडकीतून रेकॉर्ड करून पप्पांना पाठवलं. वाटलं, खूश होतील. जेवताना उत्तर आलं, त्यांच्याच आवाजात, धापा टाकत: "वाजवतात झकास रे. पण एवढी घाई कशाला? सांग त्यांना, म्हाताऱ्या मागे राहतील."

पुन्हा पुन्हा ऐकतोय. मम्मी म्हणत होती, पप्पा आता काठी घेऊन चालतात.

माझी सुट्टी थेट मे महिन्यात.