पाहुण्यांच्या वहीत लाल पेन्सिल

पेनसिल्व्हेनिया,
१४ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप उत्तरावन्सं यांना सुमित्राचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. गुडघे नागपुरात होते तसेच आहेत.)

तुमचं पत्र पोचलं. तुमची कंबर, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आणि माझी तुळस या तिघांचीही प्रकृती सुधारते आहे हे वाचून बरं वाटलं. 'लेकीच्या घरी पाहुणीसारखं राहावं आणि वेळेवर परतावं' हा तुमचा उपदेशही मिळाला. तो उशीजवळ ठेवला आहे. नऊ ऑक्टोबरचं तिकीट आहे, दिवाळीला मी तिथे असेन. तेव्हा काळजी नसावी, आणि माझ्या फ्लॅटची चावी तुमच्या भाचीला देऊ नये.

आमच्या जावईबापूंची, म्हणजे प्रल्हादची, पार्सिपनीची नोकरी किती चांगली होती हे तुम्हाला ठाऊक आहेच. गळ्यात ओळखपत्र, टेबलावर कॉम्प्युटर, खाली गाडी. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी हा मनुष्य गिरिजाला घेऊन सफरचंदं आणायला निघाला आणि शेत घेऊन परतला. चाळीस एकर, तीन गाई, अकरा कोंबड्या, एक तळं आणि सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन लाकडी घरं. न्यूयॉर्कचे लोक इथे येतात आणि (वन्सं, हे खाली बसून वाचा) पैसे देऊन गोठा झाडतात. मागच्या महिन्यात एक डोळ्यांचे डॉक्टर शीळ घालत शेण उचलत होते. मला राहवेना, मी त्यांच्या हातातलं फावडं काढून घ्यायला गेले, तर गिरिजा धावत आली. म्हणे, आई, त्यांनी त्यासाठीच बुकिंग केलंय.

मी इथे रोज संतापायचं ठरवून उठते. अडचण अशी की इथलं धुकं संतापू देत नाही. सकाळी ते तळ्यावरून उठतं आणि कुरणभर पसरतं. गाई त्यात पोटापर्यंत बुडून उभ्या असतात, पाय नसलेल्या, कुठे जायची घाई नसलेल्या. मी शाल गुंडाळून ओट्यावरच्या झुलत्या खुर्चीत बसते, आज कोणाला काय सुनवायचं ते मनात जुळवते, तेवढ्यात एक गाय हळूच माझ्याकडे मान वळवते आणि मी वाक्य विसरते. आभाळात मोठ्या पक्ष्यांची रांग ओरडत दक्षिणेकडे जाते (तिकिटाशिवाय). ओल्या गवताचा वास येतो. मी जागी असते की नाही तेही मला सांगता येत नाही. तुमचे भाऊ असते तर त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला असता. जे चाळीस वर्षांत मला जमलं नाही.

पण मी सांगत होते जूनची गोष्ट. पहाटे उठून करायचं काय, म्हणून खुराड्याकडे गेले, तर गवतात अंडी इकडे-तिकडे पडलेली. मी अंडं खात नाही, पण पसारा मला कशाचाच चालत नाही. सगळी गोळा केली, धुतली, पुसली आणि टोकं एका बाजूला करून फ्रिजमध्ये लावली. आठ वाजता पाहुण्यांची दोन मुलं परड्या घेऊन हजर. गवतातून अंडी शोधणं हाच त्यांच्या सुट्टीतला मोठा सोहळा, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. प्रल्हाद बिचारा मागच्या दाराने शर्टाच्या ओच्यात फ्रिजमधली अंडी घेऊन पळाला आणि ती कोंबड्यांच्या पोटाखाली सरकवून आला. कोंबड्यांनी आकांत केला. मुलांना अंडी मिळाली. धाकट्याने त्यातलं एक गालाला लावलं आणि आईला विचारलं, कोंबडीला बरं नाही का, ती आतून गार पडली आहे.

आता मुद्द्याचं. इथे पाहुण्यांसाठी एक जाडजूड वही असते. जाताना प्रत्येकाने तारीख, नाव, गाव आणि अभिप्राय लिहायचा. त्या मुलांच्या आईने लिहिलं की जागा स्वर्गासारखी आहे, फक्त इथल्या कोंबड्या त्यांची अंडी गारच घालतात. ती थट्टा होती की तक्रार, याच्याशी मला कर्तव्य नाही. पण 'त्यांची' या अर्थाचा 'देअर' लिहायच्या जागी बाईंनी 'तिथे'चा 'देअर' लिहिला होता. वन्सं, मी कॉन्व्हेंटमध्ये मदरच्या पट्टीखाली इंग्रजी शिकले. पुढे बत्तीस वर्षं विमा कंपनीत साहेबांची पत्रं दुरुस्त करून टायपिंगला धाडली. ऑफिसातली लाल-निळी पेन्सिल अजून माझ्या पर्समध्ये असते. मी तो एक शब्द लाल पेन्सिलने सुधारला. मग वाटलं, एकच पान तपासणं म्हणजे पक्षपात. जेवणाआधी पंचेचाळीस पानं झाली. एका गृहस्थांनी चार ओळींत सहा वेळा 'सुंदर' लिहिलं होतं, तिथे समासात 'दुसरा शब्द शोधावा' असा शेरा दिला.

प्रल्हादने वही उघडली आणि गवताच्या भाऱ्यावर बसला. सासूला बोलायची सोय नाही, म्हणून स्वयंपाकघरात गिरिजाशी हळू आवाजात इंग्रजीतून बोलला. (इंग्रजीतून. माझ्यापासून लपवायला.) मग गिरिजा बाहेर आली. "आई, ते पाहुणे आहेत. तुझे कारकून नाहीत," म्हणाली. वही पिठाच्या डब्यामागे गेली आणि मी तीन दिवस फक्त हवापाण्यावर बोलले.

पण पुढचे पाहुणे पीठ शोधायला गेले. तिथून त्यांच्या हसण्याचा आवाज तळ्यापर्यंत आला. त्यानंतर उन्हाळाभर काय चाललं ते सांगून खरं वाटणार नाही. लोक मुद्दाम चुका करून लिहायला लागले. ते डोळ्यांचे डॉक्टर अर्धं पान लिहून, टोपी हातात घेऊन, पायरीवर निकालाची वाट बघत बसले. (पन्नासपैकी सव्वीस. स्वल्पविराम हा प्रकार त्यांना माहीतच नाही.) एका टकल्या बँकवाल्याने मला 'सुमी' अशी हाक मारली, त्याचे पाच गुण कापले. परवा फोन आला, ऑक्टोबरात झाडं लाल होतात तेव्हा त्या पेन्सिलवाल्या बाई असतील का. प्रल्हाद नाही म्हणाला, त्या परत जाताहेत म्हणाला, आणि फोन ठेवून झाडलेला गोठा पुन्हा झाडायला गेला.

मग काल न्याहारीला त्याने ती वही माझ्यापुढे ठेवली. मोठ्या मायेने म्हणाला, आई, जाण्याआधी तुम्हीही दोन ओळी लिहा ना.

मी वही घेऊन ओट्यावर गेले. धुकं नुकतं विरत होतं. ज्या घराच्या टॉवेलांच्या घड्या मी पाच महिने घातल्या, त्या घराबद्दल अभिप्राय काय द्यायचा? जागा स्वच्छ आहे? पर्समध्ये हाताला लागली ती लाल पेन्सिलच. तारीख लिहिली, नाव लिहिलं आणि 'गाव' या रकान्यापाशी थांबले. किती वेळ ते ठाऊक नाही. एक गाय मात्र कुंपणाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचली होती.

तेवढ्यात आमची सीमा आली. सात वर्षांची नात, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. दवाने ओले झालेले पाय माझ्या साडीला पुसले आणि खांद्यावरून वहीत डोकावली.

"आजी, ओन्ली गेस्ट्स राइट इन इट," ती म्हणाली. "यू जस्ट करेक्ट देम."

आणि दप्तरातलं खोडरबर काढून माझं नाव पुसायला लागली. लाल पेन्सिल पुसली जात नाही, पसरते. त्या पानावर आता माझ्या नावाच्या जागी एक गुलाबी ढग आहे.

असो. हे सगळं केवळ तुमच्या करमणुकीसाठी कळवलं. माझा बेत पक्का आहे. वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद आणि भाचीला चावी नाही.

आपली,
सुमित्रा

ता. क. प्रल्हादचा चुलतभाऊ श्रीरंग डिसेंबरात नागपूरहून इकडे येतो आहे. त्याच्याबरोबर एक डझन लाल-निळ्या पेन्सिली पाठवाव्यात. (हो, डिसेंबर. तुम्ही बरोबर वाचलंत.)

आणखी ता. क. मुक्काम वाढवायचा अर्ज गिरिजाने जुलैतच भरून कपाटात ठेवला होता, मला न सांगता. त्यात दोन चुका होत्या. त्या काढल्या आणि सही केली. बंद घराला कुबट वास धरतो, तेव्हा चावी भाचीला द्यायला हरकत नाही. न्हाणीघरातला नळ तिने घट्ट बंद करावा.

शेवटचं. सोबत तुमचं मागचं पत्र तपासून परत पाठवते आहे. शुद्धलेखन उत्तम. फक्त पहिल्या पानावर 'पाहुणी' या शब्दाखाली लाल रेघ दिसेल. शब्द बरोबर आहे. रेघ तरीही मारली आहे.