म्हातारीचा पाय

३ जानेवारी
सासूचा हत्तीपाय आज जितेशने टायरच्या ट्यूबसारखा दाबला. घोट्यापासून वर, गुडघा रोवून! "पाणी तुंबलंय, दाब दिला की निघंल." चौक गावात गॅरेज टाकलं म्हणजे नवरा डॉक्टर झाला! म्हातारी गुरासारखी ओरडत होती. मी त्याचा हात धरला, तर माझ्याच थोबाडीत. आणि म्हातारी काय म्हणाली? "तू मधी कशाला येतेस गं?" मर मग!

४ जानेवारी
पाय लालबुंद. ताप. मरत नाही.

६ जानेवारी
टेंपोत घालून कर्जतला सई डॉक्टरांकडे नेली. त्यांनी जितेशला झाप झाप झापलं. पायातलं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकेच्या नळ्या म्हणजे पाइप नव्हेत — त्या स्वतःच आवळतात, सैल पडतात, आणि पाणी वर ढकलतात. सैल पडायला नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू लागतो. नळी तो आपला आपण बनवते, जरासा, वेळेवर. पण मार लागला, जंतू शिरले, की सुजेवर धावून आलेल्या पेशी तोच वायू भसाभसा ओततात. मग नळी ढिलीच राहते, पाणी तिथंच. "धुवा, पुसा, पट्टी बांधा. इजा अजिबात नको."
जितेश बाहेर येऊन थुंकला. "बाईला काय कळतंय!"

१९ जानेवारी
पट्टी घट्ट झाली म्हणून म्हातारीने तांब्या फेकला. माझ्या कपाळाला खोक. मीही तिच्या दंडाला चिमटा काढला, चांगला रक्त येईपर्यंत. पट्टी मात्र पुरी बांधली.

८ फेब्रुवारी
घोटा दिसला! म्हातारी बघतच राहिली. "ह्यो माझाच हाय का गं?" मला रडू आलं. तिच्यासमोर रडते की काय!

२ मार्च
चौकट धरून उभी राहिली. दोन वर्षांनी! मग मोरीपर्यंत चालली. वाटेत मला तीन शिव्या.

९ मार्च
जितेश पिऊन आला. "थोडं राह्यलंय, काढतो." दोन्ही पायांनी तिच्या पोटरीवर उभा राहिला. कातडी फाटली. ती किंचाळली — "सुनंदा!" पहिल्यांदा माझं नाव घेतलं.
चाक खोलायचा पाना दाराशी होता. एकदाच घातला. डोक्यात. वाईट वाटत नाही. पाय पुन्हा तापलाय, त्याचं वाटतंय.

१० मार्च
जितेश सकाळी मेला. पोलीस आले. मी तोंड उघडायच्या आत आई उठल्या. "पाना मी घातला." हवालदार म्हणाला, "आजी, तुमाला उभं तरी राहता येतं का?" आई त्याच पायाने, कुणाला न धरता, जीपपर्यंत चालत गेल्या.
मी गप्प राहिले.