ग्लासातले दोन ब्रश

२ मार्च, संध्याकाळी
हिरड्यांतून रक्त येतं म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वापरातला ब्रश घेऊन या, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. निळा ब्रश रुमालात गुंडाळून नेला. त्यांनी तो दिव्याखाली धरला. काका, कधीचा हा? ऑक्टोबरचा, म्हणालो. त्या म्हणाल्या, ब्रश कसला, झाडू झालाय याचा. मात्र एक कबूल केलं. जात योग्य आहे. सॉफ्ट, लहान डोक्याचा. नवाही असाच घ्या आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या.
म्हणजे निवड माझी बरोबर होती. आणायची ही, ते निराळं.
किरकोळ काम आहे. रविवारी उरकतो.

४ मार्च
ही दर तीन महिन्यांनी दोन ब्रश आणायची. रोज सकाळी माझ्या ब्रशला पेस्ट लावून बेसिनच्या कडेला ठेवायची. मी अर्धवट झोपेत उचलायचो. एकतीस वर्षं. ती जाऊन साडेतीन महिने झाले. मी सावरलो आहे. लोक उगाच खांद्यावर हात ठेवतात.
हिचा हिरवा ब्रश ग्लासात आहे. त्याला मी हात लावलेला नाही. केस अजून सरळ आहेत. हिचा हात हलका होता, ते असं दिसून येतं.
यात भावनेचा प्रश्न नाही. ग्लासात जागा आहे.

७ मार्च, रविवार
दुकानात ब्रशची अख्खी भिंत. सॉफ्ट, एक्स्ट्रा सॉफ्ट, अल्ट्रा सॉफ्ट, कोळशाचे, वाकड्या मानेचे, पाठीला रबर लावलेले. मी कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. नऊ हजार सुटे भाग. ब्रशला घाबरणारा माणूस नाही. सगळ्यांचे तपशील वहीत उतरवून घेतले. चाळीस मिनिटांनी दुकानदारीणबाई जवळ आल्या. काका, ब्रश घ्यायचाय की मुलगी बघायला आलाय?
काही न घेता परत आलो. घाई केली नाही, हे महत्त्वाचं.

९ मार्च
कारखान्यातल्या फिटरचं मत घेतलं. त्याला सगळे पाना म्हणतात. तो म्हणाला, साहेब, सॉफ्ट ब्रश म्हणजे दातांना वारा घालायचा. हार्ड घ्या. काम दिसलं पाहिजे.
अनुभवी माणूस. डॉक्टरांना पुस्तकी ज्ञान असतं. येताना हार्ड घेतला.

१० मार्च, सकाळी ६.४०
काम दिसलं. बेसिन लाल.
हार्ड ब्रश बुटांकडे वर्ग केला.

१२ मार्च
बॅटरीवरचा ब्रश. आधुनिक व्हायला वयाची अट नाही. बटण तोंडात ब्रश घातल्यावर दाबायचं असतं. मी आधी दाबलं. आरसा, चष्मा, बनियन, सगळीकडे पेस्ट. आरसा पुसायला, अगं फडकं दे, अशी हाक मारली.
सवयीने. त्यात विशेष काही नाही.
बॅटरी काढून रिमोटला घातली.

१४ मार्च, रविवार, दुपारी
निर्णय झाला. सॉफ्ट, लहान डोकं, निळा. थेट आधीच्यासारखा. दुकानदारीणबाई म्हणाल्या, जमलं का एकदाचं? उद्यापासून वापरायला काढतो.
जुना निळा नियमाप्रमाणे बाद केला. फेकला नाही. सायकलची चेन साफ करायला घेतला. चेन चकचकीत झाली, ब्रश काळाकुट्ट. जुन्या वस्तूंत जीव अडकवायचा नाही, हे मला जमतं. मुलीला फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मी येते संध्याकाळी. राहीन.
तिला येऊ द्यावं. तिला आधार हवा असेल.

१४ मार्च, संध्याकाळी
मुलगी हात धुवायला गेली ती ग्लास घेऊनच बाहेर आली. आईचा ब्रश कुठाय? म्हटलं, हा काय, तुझ्या हातात. ती म्हणाली, हा तुमचा. आईचा निळा.
शक्य नाही, म्हणालो. निळा पुरुषांचा असतो.
ती हसायलाच लागली. बाबा, बेसिनच्या टाइल्स कुठल्या रंगाच्या आहेत? आई म्हणायची, यांना निळा ब्रश दिला तर चष्म्याशिवाय सापडायचा नाही, सकाळी सकाळी घर डोक्यावर घेतील. म्हणून तुम्हाला कधी निळा दिलाच नाही तिने. आणि हे वाचा, मीडियम. सॉफ्ट आईला लागायचा.
चष्मा लावून वाचलं. मीडियम.
मग तिने विचारलं, निळा कुठाय?
मी सायकलकडे बोट केलं. तिचं हसू थांबलं.
म्हणजे चार महिने मी हिच्या ब्रशने दात घासले आणि आठवण म्हणून स्वतःचाच ब्रश जपला. स्टोअरमध्ये अशी अदलाबदल माझ्या हातून कधीही झालेली नाही.

१५ मार्च, सकाळी
पाचलाच उठलो. निळा ब्रश आधी रॉकेलमध्ये बुडवला. मग साबण, मग गरम पाणी. फडक्याने वरचं निघालं. केसांच्या मुळातलं ग्रीस हटेना. तिथवर पोचायला मऊ, बारीक, लहान डोक्याचं काहीतरी हवं होतं. घरात तशी एकच वस्तू होती. पाकीट फोडलं.
मुलगी उठून आली आणि तांब्याने पाणी घालायला लागली. मध्येच म्हणाली, हळू बाबा, आई ओरडेल.
हळू घासलं.
निळा बराचसा निळा झाला. नवा काळा झाला. निळा ग्लासात ठेवला, हिरव्याशेजारी. ग्लासात जागा आहे.
दात बोटाने घासले. रक्त आलं नाही.
दुकान दहाला उघडतं.