पाठीत सिमेंट

नांदेड, ९ फेब्रुवारी २०२५

चि. धुरपतास,
दादाचा सप्रेम जयभीम. फोनवर तू नुसती विव्हळतेस, म्हणून लिहितो. एसटी खड्ड्यात आदळली आणि तुझा मणका मोडला, हे विनोदनं सांगितलं तेव्हा हसूच आलं. गाडीभर माणसं होती, मोडली ती एकटी तूच! वर लातूरचा कुणी डॉक्टर म्हणे सुईनं आत फुगा फुगवून मणक्यात सिमेंट भरणार. स्लॅब आहे का? पाणी कोण मारणार? आईसुद्धा वाकली होती; तिनं कधी गाव गोळा केलं नाही. तेल लाव, पडून राहा. सही करू नको म्हणून विनोदला बजावलंय. तुझं पोरगं शहाणं आहे, मामाचं ऐकतं.
लोभ आहेच, रडगाणं आवरावं.
व्यंकटराव

मुरुड, १४ फेब्रुवारी

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि. बसवत न्हाई, म्हणून ही अक्षरं पडूनच काढतेय. दोन महिने पट्टा बांधला, गोळ्या खाल्ल्या. तरी कूस बदलायची म्हणलं की डोळ्यांपुढं अंधारी येती. संडासला सून, लुंबिनी, धरून नेती. तेलानं हाड जुळत असतं तर गावच्या सगळ्या म्हाताऱ्या ताठ चालल्या असत्या. डॉक्टरांनी फोटो दाखवला. बाकी मणके विटेसारखे, एक चेपून पाचर झालेला. आई वाकलेली होती का, असं त्यांनी विचारलं. हाव म्हणले. तुम्ही तिची चाल करून पाहुण्यांना हसवायचात, ते सांगितलं न्हाई. तुमची लाज वाटली. विनोदची सही लागत न्हाई. पाठ माझी, सही माझी. सोमवारी सिमेंट भरून घेणार.
तुमच्या लोभावाचून अडलेलं न्हाई, पण असू द्या.
धुरपता

नांदेड, २३ फेब्रुवारी

चि. धुरपतास,
जयभीम. तू बरी झालीस, डोळ्यांनी पाहिलं. पण डॉक्टरांसमोर मला बाहेर जा म्हणालीस! हिला मीच तयार केलं, एवढंच तर मी म्हणालो होतो. थोरल्या भावानं तेवढंही म्हणू नये? पाठीबरोबर मानही ताठ झालीय तुझी. माफी मागितल्याशिवाय माझ्या दारात पाऊल टाकू नको.
व्यंकटराव

मुरुड, २८ फेब्रुवारी

ती. दादांस,
जयभीम. पालथं झोपवून, जागा बधिर करून सुया घातल्या. लई भ्याले, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी कुणाचा हात न धरता दवाखान्यातल्या मोरीपर्यंत गेले आणि तिथंच रडले. हाडं अजून ठिसूळच हायेत, औषध चालू ठेवा, वाकून ओझं उचलू नका, असं डॉक्टर बजावत होते. तेवढ्यात तुम्ही आलात, न केलेल्या कामाचा मान घ्यायला. किळस आली. माफी मिळणार न्हाई.
तुम्ही बढाई मारत होतात तेव्हा साखरावहिनी भिंत धरून उभ्या होत्या. बायकोकडं बघायची सवय नसल, म्हणून सांगते. तुम्ही गेल्यावर त्यांना बसा म्हणलं, तर बसवत न्हाई म्हणाल्या. कधीपासून, विचारलं. त्यांनी आधी दाराकडं बघितलं, तुम्ही ऐकत तर न्हाई ना म्हणून. मग म्हणाल्या, पोळ्यापासून. यांना सांगितलं की म्हणतात नाटक.
सोमवारी लुंबिनी गाडी करून नांदेडला येईल. वहिनींना लातूरला दाखवायचंय. त्यांनी पिशवी भरून ठेवलीय. तुम्ही फक्त दारातून बाजूला व्हा.
हे विचारलेलं न्हाई, कळवलेलं हाय.
तुमची बहीण,
धुरपता