कमी डोसच्या प्लेट्स

३ जून
पेपर छापून आला. कॉलेज सुटल्यावर फुलंब्रीच्या बसमध्येच मोबाइलवर उघडला. तिसऱ्या आकृतीत माझ्या कमी डोसच्या, पेशी वाढवलेल्या प्लेट्सच नाहीत!
पेशीला 'वाढ' असा निरोप देणारं ते एन्झाईम. आम्ही तपासतो त्या रानमुळीचा अर्क भरपूर दिला की ते बंद पडतं, आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी थांबतात — हे छापलंय. पण अर्क थोडाच दिला तर एन्झाईम उलट चेकाळतं, पेशी दुप्पट जोमानं वाढतात. तीनदा करून पाहिलं होतं मी. ते कुठंच नाही.
राजेंद्र सरांनी काढलं. पीएच.डी.चे गाइड तेच. दुसरं कोण काढणार?

४ जून
सरांनी चहा मागवला. म्हणाले, जागा कमी होती, आणि कमी डोसचं कोण विचारतं? मग हसून, "मॅडम, पेढे आणा आधी."
साधी पेशी मोजायलाही याच माणसानं शिकवलं मला. सात वर्षं.

९ जून
लॅबला गेले नाही. कुणाचा फोनही घेतला नाही.

१५ जून
शेंद्र्याला दादाकडं. आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली त्याला वर्ष होईल. चेहऱ्यावर तेज आलंय. भाकरी थापता थापता रत्नमाला वहिनी सहज बोलून गेली — रोज चमचाभर पूड देते. त्याच मुळीची!
कुणी सांगितलं, विचारलं. तर जावयानं माझा पेपर वाचून दाखवला म्हणे. दादा म्हणाला, "तुझं नाव व्हतं ना वर. म्हटलं, घरचंच औषध हाये."
चमचाभर. म्हणजे थोडाच डोस.
बंद कर म्हटलं, तर हसायला लागला. "लई शिकली, अन् सोताच्या लिहिण्यावर भरोसा नाय व्हय?"
पुडीचा डबा पिशवीत घालून आणला. दवाखान्याची तारीखही अलीकडं घेतली. पोटात काय झालं असेल, कोण सांगणार?

१६ जून
सरांना दादाचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले — "मी तुम्हाला विचारलं होतं."
तोंडावर खोटं! पायरीवर बसून रडले. आता जर्नलला पत्र लिहिणार. त्यांचं नाव घालून.

१८ जून
पत्राला जोडायला जुन्या मेल काढल्या. नोव्हेंबरमधली सरांची सापडली. "तिसऱ्या आकृतीतून कमी डोस वगळतोय. हरकत असल्यास कळवा."
खाली माझं उत्तर. "चालेल सर."
आता आठवतंय, वाचूनच लिहिलं होतं. पेपर आल्याशिवाय प्रबंध देता येत नव्हता.