विचारलं म्हणून हो म्हटलं

नारीन, ८ सप्टेंबर २०२३

चि. सोनुनबू हिस, अ. उ. आ.

तू पाठवलेले वाळवलेले मासे पोचले. टॅक्सीवाल्याने वाटेत दोन खाल्ले असावेत, पुढच्या वेळी मोजून पाठव. माझे कान आता पुरतेच गेले, म्हणून फोन न करता लिहितेय. कॉम्प्युटर बंद करून त्यावर चादर टाकलीय.

झालं असं, की तीन आठवड्यांपासून पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट येते. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलेत, सगळं पुसलं जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. एक मिटवली की दोन येतात. परवा माझी लेक नुरझादा मॉस्कोहून बोलत होती, म्हणजे नेहमीसारखी कागदावर लिहून दाखवत होती, तर चौकट नेमकी त्या कागदावर. मी घाबरून तारच उपटली.

रविवारी, २४ तारखेला, तिच्या लेकाच्या, एलामानच्या पायांत दोरी बांधून ती कापायची आहे. पोरगं चालायला लागलं, आता रीतीप्रमाणे त्याची पुढची वाट मोकळी करून द्यायला हवी. काळी-पांढरी लोकर वळून दोरी मी इथूनच पाठवली. कापण्याआधी हात पसरून आशीर्वाद द्यायचा तो मी, पडद्यावरून. तिच्याजवळ तिथे आपलं वडीलधारं कोण आहे? त्या दिवशी चौकटी आल्या तर काय करू? चाळीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं आणि एवढंसं खोकं आवरत नाही, याची लाज वाटते.

लोभ आहेच, त्यात थोडी अक्कलही घालून पाठव.
तुझी थोरली बहीण, तुझी एजे,
उलकान

बालिक्ची, ११ सप्टेंबर

ती. उलकान एजे यांसी, सोनुनबूचा सा. सलाम वि. वि.

मासे दोन नाही, तीन खाल्लेत. त्याला विचारलं तर म्हणाला, एजेला दात तरी कुठे उरलेत. मी तुझ्या वतीने चांगलं झापलंय.

त्या नंबरवर फोन केला नाहीस, ते फार बरं झालं. गोड बोलून त्यांनी कॉम्प्युटरचा ताबाच घेतला असता. बहिरेपणाचा तेवढा तरी उपयोग. व्हायरस-बिरस काही नाही. मागच्या वर्षी माझ्याकडेही हाच तमाशा झाला होता. कुठल्यातरी पानाने तुला विचारलं असणार, की आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का, आणि तू 'हो' दाबलंस. मीही दाबलं होतं. दारात येऊन कोणी विचारलं, की नानचा तुकडा तरी तोंडात घातल्याशिवाय आपण त्याला जाऊ देत नाही. तीच खोड इथे नडली. हे पाहुणे नव्हेत, एजे.

आता चादर काढ. ब्राउझर उघडलास की वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतील. ती दाबून सेटिंग्ज, मग गोपनीयता, मग साइटची सेटिंग्ज, मग सूचना. तिथे तू हो म्हटलेल्यांची यादी आहे. एकेकाला हाकल. आणि यापुढे कॉम्प्युटर काहीही विचारो, 'नको' दाबायचं. भीड ठेवायची नाही.

जमलं की कळव, आणि माया पूर्वीइतकीच असू दे.
तुझी धाकटी,
सोनुनबू

नारीन, १५ सप्टेंबर

चि. सोनुनबू हिस, अ. उ. आ.

यादीत एकोणीस जण निघाले. पहिल्याला काढताना जिवावर आलं, शेवटी शेवटी मजा वाटायला लागली. मग बाजूला आणखी दोन याद्या दिसल्या, त्याही रिकाम्या करून टाकल्या. तीन दिवस झाले, पडदा स्वच्छ आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू उगाच जन्म घालवलास, मास्तरीण व्हायला हवी होतीस.

आशीर्वाद आरशासमोर दोनदा म्हणून पाहिला. एक ओळ विसरत होते, ती कागदावर लिहून ठेवलीय. आता २४ तारखेची वाट बघते.

तुझ्यावर खूश असलेली,
उलकान एजे

नारीन, २५ सप्टेंबर

चि. सोनुनबू हिस, अ. उ. आ.

काल झालं. नुरझादाने पाठवलेली लिंक दाबली, तर पडद्याने विचारलं, कॅमेरा वापरू का. मी नको म्हटलं. माइक वापरू का. तेही नको. मागे कधी हो म्हटलं असेन, ते त्या दोन याद्यांबरोबर गेलं, त्या कॅमेऱ्याच्या आणि माइकच्याच असणार. तुला बोल लावत नाही, हात माझाच होता.

मला सगळं दिसत होतं. गालिचा अंथरलेला, एलामान दोरी बांधून उभा, आजूबाजूची मुलं दोरी कापायचा मान मिळवायला शर्यतीला तयार. माझ्या जागी काळा चौकोन होता. त्यांनाही तसाच दिसतोय, हे मला कळायला वेळ लागला. मी हात हलवत होते, मोठ्याने बोलत होते. नुरझादाने कागद धरला, 'आई, आहेस का?' वीस मिनिटं त्यांनी वाट पाहिली. मग दुसरा कागद आला, 'आई, विसरलीस का?' त्यावर मला फार रडू आलं.

शेवटी तिने शेजारच्या म्हातारीला पुढे बोलावलं. तिने हात पसरले, तसे मीही इकडे पसरले आणि सगळा आशीर्वाद म्हटला, न विसरता. दोरी कापली. पोरगं चार पावलं चाललं, पडलं नाही. मग पडदा बंद झाला.

आज सकाळी मी साधा फोन लावला. पलीकडचं मला काही ऐकू येत नाही, तरी बोलत राहिले, की मी विसरले नव्हते, तुझ्यासमोरच बसले होते, सगळं पाहिलं. चांगलं पाच मिनिटं बोलले. फोन उचलला होता की नुसताच वाजत होता, ते मला समजलं नाही. तेवढं तिला विचारून कळव.

कॅमेऱ्याला पुन्हा हो कसं म्हणायचं, तेही लिही.

तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे लावून,
उलकान एजे