चौसष्ट लिटर जास्त

१० जानेवारी
आज कामावर रुजू झाले. तुळिंजच्या खोलीतून निघताना मोरीतला निळा ड्रम भरून ठेवला, दहा लिटरच्या वीस बादल्या, नेहमीसारख्या. वसई पूर्वेचा हा रंगांचा कारखाना. ह्यांच्या जागी मला घेतलं. काम पाण्याच्या टाकीपाशी. आत येणाऱ्या पाइपवर एक मीटर, बाहेर जाणाऱ्यावर दुसरा, आणि पातळी दाखवणारी काचेची नळी. दर तासाला आकडे वहीत लिहायचे. फिटर सेबॅस्टियनभाऊ नंदाखाल गावचे. त्यांनी घरची केळी दिली आणि बजावलं, की वहिनी, दिनानाथ माझ्या डोक्यावर बसायचा, तुम्ही तरी बसू नका. दोन वर्षांनी कुणी ह्यांचं नाव इतक्या सहज घेतलं. बरं वाटलं.

१३ जानेवारी
ह्यांचं पाइप आणि पंपांवरचं जुनं पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचून काढलंय. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट: आत आलेलं एक तर बाहेर जातं, नाहीतर आत साठतं. आज पंपातून खडे वाजल्यासारखा आवाज आला. मी म्हटलं, खेचायच्या बाजूला पाणी कमी पडतंय. सेबॅस्टियनभाऊंनी जाळी काढली, तर कचऱ्याने भरलेली. बाईसाहेब इंजिनियर झाल्या, असं अख्ख्या कॅन्टीनला सांगत सुटले.

१६ जानेवारी
आकडे जुळत नाहीत. पातळी हवी त्याहून वर, अठ्ठ्याहत्तर लिटरने. कालही तेवढीच, परवाही. सेबॅस्टियनभाऊंनी दोन्ही मीटर तपासले, काठी बुडवून पातळी मोजली. सगळं बरोबर. म्हणजे पाणी जास्त नाही, पाण्यात कशानेतरी जागा अडवलीय. झाकण उघडून टॉर्च मारला. तळ रिकामा.

१८ जानेवारी
कपाटात जुन्या वह्या सापडल्या. ह्यांचं अक्षर. अकरा दिवस, रोज: ‘चौसष्ट लिटर जास्त. मीटर बरोबर.’ बाराव्या दिवशी हे टाकीत सापडले. कंपनीच्या कागदावर ‘निष्काळजीपणा’ लिहिलंय. तो कागद मी घरात पालथा ठेवते. तेराव्या दिवसापासून वहीत दुसरं अक्षर, फरक शून्य.
ह्यांचं वजन चौसष्ट किलो होतं. माणूस पाण्यात साधारण आपल्या वजनाएवढीच जागा घेतो.

१९ जानेवारी
गोदामातल्या काट्यावर सेबॅस्टियनभाऊंना उभं केलं. अठ्ठ्याहत्तर. बायकोचं, कॅथरिनचं नाव घेऊन म्हणाले, तिला सांगा, ती अजून ताटात वाढतेच आहे. उद्या टाकी धुवायला तेच आत उतरणार आहेत. मी वह्या दाखवल्या, सगळं सांगितलं. म्हणाले, दिनानाथ पण असाच आकड्यांत डोकं घालून बसायचा. मग त्यांचं हसू थांबलं.

२० जानेवारी
टाकीच्या झाकणाला घरचं कुलूप घातलं. साहेब ओरडले. किल्ली दिली नाही. धुणं पुढे ढकललं.

२१ जानेवारी
आज फरक बावन्न. सेबॅस्टियनभाऊ समोर केळं सोलत उभे. ते सुटले.
मग मी काट्यावर चढले. बावन्न.
त्यांची वाट मी बंद केली, तर जागा माझ्या मापाची झाली.

२२ जानेवारी
गेले नाही. टाकी तिकडे, मी इकडे, मध्ये अख्खी वसई—
ही वही सेबॅस्टियनभाऊंना मिळावी. ह्यांचे आकडे खरे होते. हे निष्काळजी नव्हते. एवढं कुणीतरी कंपनीला—

दुपार
नळाला पाणी आलं. ड्रम सकाळीच धुऊन पालथा घातला होता. सरळ केला. चौदा बादल्या ओतल्या. पंधरावी संपायच्या आत काठोकाठ भरला. वीस बादल्यांचा ड्रम. बावन्न लिटर आधीच—
तळ दिसतोय. रिकामा.

पावणेतीन
पातळी उतरतेय. मी हात लावलेला नाही. चार बोटं. पाच.
आत आलेलं एक तर बाहेर—
ड्रमपुढची लादी कोरडी आहे. माझ्यामागची मात्र ओली—